मोहरील वकिलांच्या तारखा

५ नोव्हेंबर १९५९
पोचलो एकदाचे! घाटंजीपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी. भगवानमामांचं घर शेतातच आहे. दोन खोल्या, वर कौलं, दारात लिंब. भोवती कापूस असा फुटलाय की डोळे दिपतात. मामा विहिरीत पडून वारले; त्यांना मूलबाळ नव्हतं. शेत आणि घर त्यांनी मला नि धाकट्या वसंताला लिहून ठेवलं. वर्ध्याच्या दवाखान्यातली नोकरी सोडून इथेच सुईणपण करावं, असं मी गाडीतच ठरवून टाकलं. वसंता हसला. म्हणाला, "ताई, आधी कागदावर नाव तर चढू दे."
मामांची शेती वाहणारा उकंडा मागच्या पडवीत राहतो. पोरवयापासून इथेच राबलेला. न सांगता त्याने भाकर आणि अंबाडीची भाजी समोर ठेवली. फार बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
मोहरील वकिलांकडे गेलो. मामांचं मृत्युपत्र त्यांनीच केलेलं. आदराने बसवलं, पण साक्षीदार बाहेरगावी आहे म्हणून काम पुढच्या आठवड्यावर टाकलं. मामा विहिरीत कसे पडले ते विचारलं, तर चष्मा पुसत राहिले.

२० नोव्हेंबर
आता म्हणे एक शिक्का राहिलाय. वसंता चिडला. नाव चढलं की शेत विकून टाकू, असं उकंडासमोरच बोलला.
दुपारी कुणाचा तरी गोऱ्हा कपाशीत शिरला. उकंडाने त्याला कुऱ्हाडीच्या दांड्याने हाणलं. पाय मोडला, जनावर खाली बसलं, तोंडातून रक्ताचा फेस आला, तरी हाणतच होता. मी किंचाळले तेव्हा थांबला. हात धुतले आणि म्हणाला, "माह्या वावरात कोनी शिरलं का मले सहन होत नाही, बाई."
'माह्या' म्हणाला.

२ डिसेंबर
पुन्हा तारीख. वसंताने वकिलांचं टेबल उलथलं. सनद घालवीन म्हणाला. वकील रागावले नाहीत, सारखे दाराबाहेर पाहत होते. शेवटी त्यांनी नावं चढवायचा अर्ज तहसील कचेरीत पाठवला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, भावाला घेऊन वर्ध्याला परत जा. मला अपमान वाटला.

१४ डिसेंबर
ऑर्डर झाली. दोघांची नावं लागली! वसंताने पेढे आणले. पहिला उकंडाच्या हातावर ठेवला आणि उन्हाळ्याआधी पडवी रिकामी कर म्हणून सांगितलं. उकंडाने पेढा खाल्ला. हात पुसले आणि वावरात गेला.

१५ डिसेंबर
वसंता गेला.
वेचणीच्या बायांना सापडला. रक्त मला नवं नाही, पण डोकं उभं फुटलेलं — बोटं तुटलेली. हात वर केला असणार त्याने. सरीभर कापूस लाल.
उकंडानेच खांद्यावर घरी आणलं. माझ्याहून मोठ्याने रडला. पोलीस पंचनामा करून गेले; गावात चोरांचं नाव घेतात.

१७ डिसेंबर, दुपार
सरण अजून धुमसतंय. मोहरील वकील आले. उकंडा नदीवर गेलेला पाहून बोलले. मामांनी शेत विकायचं ठरवलं होतं. सौद्याच्या दिवशी उकंडाने त्यांना विहिरीत ढकललं. ते वर येऊ लागले, तर डोक्यात दगड घातले. सौद्याला आलेल्या वकिलांनी ते पाहिलं. उकंडाने कुऱ्हाड त्यांच्या गळ्याला लावली — "दुसऱ्याचं नाव चढवलं तं त्याले बी तोडीन अन् तुले बी."
म्हणून तारखा. त्या तारखांवर आम्ही जगत होतो.
पोलिसांना का नाही सांगितलं, मी विचारलं. मान खाली घालून म्हणाले, घरी मुली आहेत.
आता सांगतो म्हणाले. आतून कडी लावा, पोलीस घेऊनच येतो.

नंतर
लिहिलं नाही तर ओरडेन. आज बाया वेचणीला आल्या नाहीत. हाकेच्या अंतरावर माणूस नाही.

वकिलांचा आवाज! पोलीस आणलेत म्हणतात. भागीरथाबाई, दार उघडा —

फटीतून पाहिलं. पोलीस नाहीत. वकील गुडघ्यांवर. एक कान नाही. मागे उकंडा, त्यांचे केस मुठीत.

रडतायत. उघडा हो बाई, नाहीतर मला —

कुऱ्हाड. पुन्हा कुऱ्हाड.
वकील बोलत नाहीत.

उकंडा हाक मारतोय. अगदी शांत. "बाई, कायले तरास देता?"

फळी फुटली. हात आत आला. कडी चाचपतोय. विळा माझ्या मुठीत आहे. त्याच्या मनगटावर मी आता —