सकाळच्या गाडीची पाळी

प्रिय धाकटे,

अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज तीन कागद फाडून चौथा घेतला आहे. मध्येच बाबा हाक मारतात, उठावं लागतं. अक्षर आणि विषय दोन्ही धावतील, चालवून घे.

आपलं स्टेशन आता नावालाच उरलंय. पूर्वी डाक, वर्तमानपत्र, पाहुणे, भांडणं, सगळं तिथेच उतरायचं. बाबांशी भांडून तू गेलीस तेव्हाही अख्खं गाव फलाटावर होतं. आता तिकीटखिडकीला फळ्या ठोकल्यात. पण गाडी थांबते. महिन्यात तीन दिवस कुणीच चढलं नाही तर थांबा बंद, असं वरून कळल्यावर गावाने पाळ्या लावल्या. ज्या घराची पाळी, त्यातल्या एकाने काम असो नसो, सकाळच्या गाडीत बसायचं, पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. शिंपीकाका जाताजाता बटणं लावतात, मास्तरीणबाई वह्या तपासतात. बाबा तर दुसऱ्यांच्याही पाळ्या करायचे. रेल्वेतली सांधेवाल्याची नोकरी सुटली, रुळांचं वेड सुटलं नाही, असं सगळे हसायचे. मीही. मग त्यांचे पाय गेले आणि पाळी माझ्याकडे आली. मी कुरकुरले, तर म्हणाले, "थांबाच गेला तर धाकटी उतरेल कुठे?"

मला फार राग आला. त्यांना न्हाऊमाखू घालणारी मी, आणि वाट तुझी. खोटं कशाला बोलू, तुझा हेवा वाटला.

परवा आपली पाळी होती. पुढचं स्टेशन आलं, मी उठले नाही. त्यापुढचं आलं, तरी नाही. शेवटपर्यंत गेले, बाकावर बसून चहा प्यायले. कुणी हाक मारली नाही. घरी पोचले तेव्हा दिवस मावळला होता आणि बाबा सकाळपासून तसेच, उपाशी, ओल्या अंथरुणात. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "भेटली का ती?"

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. या महिन्यात दोन दिवस आधीच कोरे गेलेत, आणखी एक गेला की संपलं. बाबांसाठी ये, असं लिहिणार होते, पण ते अर्धंच खरं. धाकटे, मला जायचंय. किती दिवसांसाठी, ते विचारू नकोस. रविवारी सकाळच्या गाडीने ये. गाडी एकच मिनिट थांबते, तेवढं भांडायला पुरत नाही. तू उतर, औषधांची चिठ्ठी तुझ्या हातात देते आणि मी चढते.

तुझीच,
ताई