निरोप चार दिवस माझ्याकडे होता

प्रिय चिमणे,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर दिलं नाही, कारण तुझ्यावर जळत होते. थोरल्या बहिणीने हे लिहायचं म्हणजे हात जड होतो, पण लिहिते.

हिशेबनिसांच्या आळीसाठी मी अकरा वर्षं प्रार्थना केली. दर बुधवारी, चर्चच्या मागच्या खोलीत, एकेका घराचं नाव घेऊन. पिढ्यान्‌पिढ्या वह्या आणि देव सांभाळणारी ती माणसं माझं पत्रक अदबीने घेत, पाणी विचारत आणि दार लावून घेत. आणि तू? तुझ्या दवाखान्याचे कागद द्यायला थोरल्या हिशेबनिसांकडे गेलीस, त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली दिसली, तर तिची वेणी घालत बसलीस! दोन महिन्यांत तू त्यांची पोर झालीस. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी बसून तू येशूकडे त्यांच्यासाठी मागणं केलंस, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. पाळकांनी तुझं कौतुक केलं तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या, पण तुझ्याकडे न बघता. लहानपणीही असंच. वचनं मी पाठ करायची, लाड तुझे व्हायचे.

तुझी बदली झाली तेव्हा मला चक्क हायसं वाटलं.

सोमवारी थोरले हिशेबनीस स्वतः चर्चच्या फाटकाशी आले. म्हणाले, "हिचं आता काही खरं नाही. धर्म आम्ही सोडणार नाही, ते तुमच्या बहिणीला ठाऊक आहे. पण ही तिचीच वाट बघतेय. कळवाल?"

कळवते म्हणाले, आणि मीच गेले. डोळे मिटून चांगली लांबलचक प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर बाई दाराकडे बघत होत्या. "चिमणी आली का गं?"

"तिला सवड नाही," मी म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आज सकाळी जाऊन थोरल्यांना सगळं खरं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आधी तिला आणा," एवढंच बोलले. त्यांचा जावई गाडी घेऊन तुझ्याकडे निघालाय. हे पत्र त्याच्याच हाती देते. तशीच नीघ. बाई अजून बोलतात. खोलीत तूच जा. मी बाहेर पायरीवर बसेन, आणि तू वेळेवर पोचावीस एवढंच मागत राहीन.

तुझीच,
ताई