पाहुण्यांसमोर पडलेली वीज

आंजी (मोठी), जि. वर्धा
ता. २० जून १९५७

ती. प्रभाकरदादांस धाकट्या बहिणीचा, भागीरथाचा, वाकून नमस्कार. आम्ही सारे ठीक. वहिनींचे गुडघे कसे आहेत? (निरगुडीचा पाला गरम करून बांधावा. उपयोग झाला नाही तरी घरात वास चांगला सुटतो.)

“पोरीले आधी सांगू नये, सांगतलं का चेहरा उतरते,” असं आपली आई म्हणाली होती, आठवतं? मला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा. तिचा शब्द मानून परवा मीही आमच्या कमलाला काही बोलले नाही. त्यातून जे झालं ते अजून माझ्या ध्यानात येत नाही.

कमला मागच्या दारी लोणच्याच्या कैऱ्या कालवत होती, हात कोपरापर्यंत हळदीत. तशात नाचणगावचे भैयाजी मुलाला घेऊन दारात. मी पोरीला न्हाणीत ढकललं, जरीचं पातळ गुंडाळलं. हळद काही निघाली नाही. (शकुन म्हणून खपवली.) मुलीची चाल बघतात, सुईत दोरा ओवायला लावतात, ते आपल्याला ठाऊक आहे, पण भैयाजी पडले रेल्वेतले जुने मालबाबू. त्यांना इंग्रजी बघायचं होतं.

“मॅट्रिक झाली नं बाई? मंग एखादा इंग्रजी वाक्प्रचार घालून वाक्य बोल बरं.”

कमलानं मान वर केली. “युवर कमिंग इज ए बोल्ट फ्रॉम द ब्लू.”

आमच्या ह्यांच्याकडे वळून भैयाजींनी मांडीवर थाप मारली. “व्वा! का सफाई हाये! आयकलं का नानाजी?”

आमच्या घरच्यांनी ऐकलं होतं. (समजलं नव्हतं, पण तसं भैयाजींनाही नव्हतं.) मुलाला तेवढा पोह्यांचा ठसका लागला. होकार तिथेच झाला, साखर वाटली गेली.

नंतर पोरीला अर्थ विचारला. म्हणाली, “निरभ्र आभाळातून वीज पडणं, आई. वाईट गोष्ट अचानक आली का म्हणतात. मले शिकायचं हाये.” आणि रडायला लागली. आता दादा, ज्यांना वीज म्हटलं ते साखर खात होते, आणि जिनं म्हटलं ती रडत होती, हे कसं? मला बघायला आले तेव्हा मी नुसत्या बांगड्या फिरवत बसले होते. मलाही काही वाटलं असेल. त्याला शब्द नव्हता, म्हणून ते काय होतं हे आजवर कळलं नाही.

जाताना मुलगा तांब्या द्यायच्या निमित्तानं आत आला. हळूच म्हणाला, “काकू, मले समजलं बरं. तिले शिकू द्या. बाबाले मी थांबवतो.” मग हा होकार धरायचा का नकार? साखर तर वाटून झाली!

तुमची,
भागीरथा

ता. क. चांगल्या गोष्टीलाही हा वाक्प्रचार चालतो का, ते कळवावे. घरच्यांना मी चालतो म्हणून सांगून बसले आहे.

आणखी ता. क. घरचे म्हणतात, “मामाच्या घरी राहत असन तरच कालेज.” नागपुरात तुमच्या खोल्या दोन, मुलं चार, वहिनींचे गुडघे असे. तुमच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. तरी विचारते, कमलाला दोन वर्षं ठेवून घ्याल का? नाही म्हणायचं तर पोस्टानं म्हणू नका. इथे या, आणि तिच्या तोंडावर म्हणा.