तळ्यातले मासे आणि माझ्या रेघा

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही जवळजवळ गेलाय.

माझ्या गणितातल्या, ग्राफ थिअरीतल्या ठिपक्यांनी आणि रेघांनी कुणाचं भलं होतं, असं तू विचारायचीस ना? इथल्या तळ्यातले मासे मरत होते. घाण कुठल्या गटारातून येते, ते पाणी तपासणाऱ्या बाईंना सापडेना. मी सगळ्या गटारांचा ठिपके-रेघांचा नकाशा काढला, सगळ्यात जास्त रेघा जिथे मिळत होत्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आधी या जोडावरचं पाणी तपासू."

"कागदावर सगळं सोपं असतं गं," बाई हसल्या, पण आल्या. दोघी गुडघाभर चिखलात उतरलो. घाण तिथल्याच एका पाइपातून येत होती! बाईंनी मला चिखलासकट मिठी मारली.

आता तो पाइप बंद झालाय, तळ्यात माशांची पिल्लं दिसतात.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, पोरीनं गटारात उतरून नाव काढलं.

तुझीच,
धाकटी