दादांनी परीक्षेत घातलेला घोळ

भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? दुखतच असेल, फौजेतून परत आलात ते गुडघा तिथेच ठेवून. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चष्मा लावून वाचा. फोन केला असता, पण फोनवर पोरगी ऐकते.

तर आपल्या पोरीची (माझी नात, दुसरी कोण) फौजेची परीक्षा झाली. वयात बसायची ही शेवटचीच संधी. तुमच्या वेळी आधी छाती मोजायचे, पळायला लावायचे. आता आधी घरात बसून कॉम्प्युटरवर पेपर. (बसून लढायचं तर मीही भरती होते.) कॉम्प्युटर शेजारच्या मास्तरीणबाईंचा मागून आणलेला. त्याला डोळा असतो. खोलीत दुसरं माणूस दिसलं की ताकीद, तोंडातून शब्द निघाला तरी ताकीद, तीन झाल्या की बाद. म्हणून मला दाराबाहेर पहाऱ्याला बसवलं. मी फटीतून बघत होते. पहाऱ्यातच येतं ते.

पोरगी जरा कुठे पुढे वाकून लिहायला लागली तोच ठण्ण वाजलं. पहिली ताकीद. तिने आजूबाजूला पाहिलं, कुणी नाही. पुन्हा वाकली, पुन्हा ठण्ण. तिच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसला. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं तोंड होतं, भोवती लाल चौकोन. तिथली अक्षरं मला कळेनात, पण दुसरा चौकोन कळला. तो तिच्या डोक्यामागे, भिंतीवर, तुमच्या दादांच्या मिशांभोवती होता. तुम्हीच करून दिलेला तो दाराएवढा फोटो. जिवंतपणी पोरांच्या एका परीक्षेला फौजेतून रजा मिळाली नाही आणि आता हजर. ते गेल्यापासून त्यांना हजर धरणारं ते यंत्र पहिलंच.

ओरडावं तर ताकीद, उभ्याने आत जावं तर ताकीद. शेवटी पोटावर पडून सरपटत निघाले, तोंडात रुमाल कोंबून, कारण कंबर बोंबलत होती. भरती तिची, कवायत माझी. पोरीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि फोटोतलं तोंड पाठीने झाकून दगडासारखी ताठ बसली. जाळी काढायच्या काठीने मी खालूनच फोटो खिळ्यावरून उचकटला. आवाज झाला नाही, कारण दादा माझ्या पाठीवर पडले. (लग्नापासून तिथेच होते.) परत फिरायची हिंमत नव्हती. पेपर संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच जमिनीवर, श्वास धरून.

मग पोरगी म्हणाली, "ऊठ आता आजी. आजोबांमुळे बाद झाले असते मी."

"त्यांच्यामुळेच बसलीस ना परीक्षेला?"

ती फोटोची काच पुसत बसली.

पास झाली. मला काही वाटत नाही. दादांना निरोप दिला तेव्हा रडले नव्हते (परत येणार नाहीत हे तेव्हा कुठे ठाऊक होतं), आता काय रडायचं.

तुमची वहिनी

ता. क. पुढची मुलाखतही घरातूनच, त्याच डोळ्यासमोर. तेव्हा दादांना काही दिवस तुमच्याकडे घेऊन जा. काच शाबूत आहे, कंबर नाही.

आणखी एक. फोटो मी कपाटामागे सरकवला, त्यासाठी येऊ नका. पण या. ती मुलाखतीतही पास होणार, लक्षणं दिसतायत. त्या दिवशी दाराबाहेर एकटीने बसणं मला जमायचं नाही. पोरीने विचारलं तर फोटो न्यायला आलो म्हणा.