मला टोचलेलं मिठाचं पाणी

चि. भाची, म्हणजे आता डॉक्टर, संशोधक वगैरे वगैरे यांस मामाचे आशीर्वाद. (रागातले असले तरी आशीर्वादच आहेत, जपून ठेवा.) आपली, जावईबापूंची आणि आपल्या त्या संशोधनाची तब्येत उत्तम असेलच. आमची कालपर्यंत उत्तम होती. मी रागावलो की अहोजाहो करतो हे आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा पुढचं समजून घ्यावं.

शरीराला स्वतःचंच वाढीचं संप्रेरक जास्त सोडायला लावणारं एक कृत्रिम पेप्टाइड आहे, उतारवयात त्याने ताकद वाढते का ते बघायचंय, असं गोड बोलून आपण मला आणि माझ्या साडूला त्या अभ्यासात भरती केलंत. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय ते शेवटपर्यंत कोणालाच माहीत नाही, हे आपण सांगितलं होतं. नाही म्हणत नाही, सही माझीच आहे. पण पाणी साडूच्या वाट्याला गेलं असणार, हे मी धरूनच चाललो होतो. (त्याचा चेहराच तसा आहे.)

पहिल्या सुईपासून अंगात जोर आला. चिरंजीवांनी मला कारखान्यात केव्हाच गल्ल्यावर बसवून "बाबा, तुम्ही आता फक्त बघा" असं सांगितलं होतं. तिथून उठलो, रंधा हातात घेतला. दोन गड्यांना न हललेलं कपाट एकट्याने जिन्यावरून उतरवलं. कारखान्याच्या किल्ल्या चिरंजीवांकडून काढून माझ्या खिशात घातल्या. सगळं आपल्या औषधाच्या जिवावर! उलट साडू हातपाय सुजवून, रक्तातली साखर वाढवून, दिवसभर खा खा करत बसलेला. मी त्याला जाता-येता ऐकवायचो की मिठाच्या पाण्याने आणखी काय होणार.

आणि काल आपण सांगता, साडूला खरं आणि मला पाणी! वर शास्त्र ऐकवता: औषधवाल्यांच्या रक्तातले आकडे चढले, स्नायूही जरासे भरले, पण मूठ आवळायच्या त्या यंत्रावर त्यांची ताकद पाणीवाल्यांपेक्षा काही जास्त निघाली नाही, अभ्यास लहान, म्हणून ठाम काही म्हणता येत नाही. ठाम म्हणता येत नाही, तर कपाट काय भुताने उतरवलं? माझीही मूठ पहिल्या दिवशी होती तेवढीच आहे म्हणे. "मामा, ती ताकद तुमचीच होती." ही काय बोलायची रीत झाली? माझीच होती, तर इतकी वर्षं मी गल्ल्यावर माशा मारत बसलो ते कशासाठी? साडू तर खरं औषध मिळालेला माणूस म्हणून सुजलेल्या बोटांनी मिशीला पीळ देत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज सकाळी जिना चढताना मला दम लागला. याला जबाबदार कोण?

राग अजून शिल्लक आहे, तो भेटीत देईन.

आपला फसवला गेलेला,
मामा

ता. क. : चिरंजीवांना यातलं अवाक्षर कळता कामा नये. किल्ल्या परत मागतील आणि मी पुन्हा गल्ल्यावर. विचारलंच तर मामांना खरं होतं असं सांग.

ता. क. दुसरा : खोटं बोलवत नसेल तर पुढच्या अभ्यासात मला घाल. तेच पाणी चालेल, फक्त मला सांगू नकोस.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दाराची चौकट आली. गडी जेवायला गेलेले, म्हणून मीच खांद्यावर घेतली आणि माडीवर ठेवून आलो. मात्र मला औषध मिळालेलं नाही, हे त्या वेळी मी साफ विसरलो होतो. म्हणून हे पुराव्यात धरू नये.