किंकाळीला ओळ नसते

नागोया,
९ एप्रिल १९९७

प्रिय मंजू,

अक्षर बघून घाबरू नकोस, मीच आहे. डाव्या हातानं लिहितेय, म्हणून ओळी अशा खाली घसरत चालल्यात. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. मागच्या महिन्यात फोनवर मी सायकलवरून पडले म्हणून सांगितलं, आणि तू हसून म्हणालीस, ताई, पुण्याची असून सायकलवरून पडतेस, लाज वाटू दे जरा. मी पडले नव्हते गं. विवेकनं माझा हात बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या फटीत धरला आणि दार ओढलं. दोनदा. पहिल्यांदा नुसतं लागलं, दुसऱ्यांदा मोडलं. झालं, लिहून टाकलं. हे एवढं लिहायला मला सकाळपासून दुपार झाली, आणि ते काही डाव्या हातामुळे नाही.

पत्र मुद्दाम तुझ्या बँकेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर बाबांनी चष्मा लावून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. फोन का नाही केला असं विचारशील. तुमचा फोन हॉलमध्ये, आमच्या फोनशेजारी विवेक. आणि खरं सांगू, रिसीव्हर कानाला लागला की माझ्या तोंडून आपोआप सगळं छान चाललंय असंच निघतं, चार वर्षांची सवय आहे. तेव्हा इथेच सरळ सांगते. उदय माझा सख्खा दीर, तरी सांगते, त्याच्याशी लग्न करू नकोस. अठरा मेच्या पत्रिका छापून झाल्यात, आत्यानं रुखवत करायला घेतलंय, सगळं मला माहीत आहे. तरी नाही म्हण. का, ते आता सांगते. शेवटपर्यंत वाच. मधेच रागावून पत्र फाडू नकोस. फाडावंसं वाटेल.

गेल्या डिसेंबरात मला अनुवादाचं काम मिळालं हे तुला कळवलं होतंच. इथली एक छोटी एजन्सी आहे, त्यांच्याकडे एक सिनेमा आला होता, परदेशातल्या महोत्सवाला जायचा म्हणून त्याच्या इंग्रजी सबटायटल्स करायच्या होत्या. एदो काळातल्या, म्हणजे दोनेकशे वर्षांपूर्वीच्या एका गणिकेची गोष्ट. नामिनो तिचं नाव. आठव्या वर्षी बापानं विकलेली, विसाव्या वर्षी त्या सगळ्या वस्तीतली पहिल्या नंबरची. आणि डोकं कसलं फिरलेलं! पहिल्याच प्रसंगात तांदळाच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या जेवणाच्या ताटाला लाथ मारते आणि सांगते, तुझ्या तोंडाला वास येतो. मी इतकी हसले की टेप थांबवावी लागली. तिचा जीव जडतो तो कंदिलांवर चित्रं काढणाऱ्या एका पोरगेल्या माणसावर. दोघं पळतात, वस्तीभोवतीच्या खंदकाशी पकडले जातात, आणि पहारेकरी त्याला आकड्यांनी ओढून तिच्यासमोर मारतात. तिला कोठारात नेऊन तुळईला टांगतात. मालक खाली बसून चहा पीत पीत सांगत असतो की बांबूनं मारा, पाण्यात भिजवलेल्या दोरानं मारा, पण तोंडावर एकही वळ नको. माल खराब होतो ना.

आता हे काम कसं चालतं ते सांगते. टेपच्या वरच्या कोपऱ्यात सेकंदांचे आकडे पळत असतात. प्रत्येक वाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं ते लिहायचं, मग तेवढ्या सेकंदांत डोळ्यांना वाचता येईल एवढंच इंग्रजी बसवायचं. मागे, पुढे, पुन्हा मागे. तो कोठाराचा प्रसंग मी चाळीस वेळा तरी बघितला असेन. सहा मिनिटांत वाक्यं अकरा, आणि बाकी सगळा तिचा आरडाओरडा. एजन्सीनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता, किंकाळीला ओळ द्यायची नाही. ती सगळ्यांना कळते, म्हणून जागा कोरी सोडायची. मी सोडली. मला तशी सवय होतीच, तुम्हाला लिहिलेल्या पत्रांत मी दुसरं काय करत होते? साकुराची फुलं, मेट्रो कशी मिनिटाला धरून येते, विवेकला ऑफिसात किती मान आहे, सगळं लिहिलं. मारायचा ते दिवस तेवढे सोडून दिले. पहिल्या वर्षी दोनदा, दुसऱ्या वर्षी आठवत नाही, मग मोजायचं सोडलं. पाठीवर, मांडीवर, दंडावर. तोंडावर कधीच नाही. विवेक त्या मालकापेक्षा काही कमी हुशार नाही.

पण माझं डोकं बघ कसं चालतं. तो आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरच्या कुवाबारा-सानना त्रास होईल, याची मला काळजी! सत्तरीच्या विधवा बाई, एकट्या राहतात, भिंती पापडासारख्या पातळ. इथे रीत अशी की घरात ठोकाठोक निघणार असेल किंवा कुणी पियानो आणला, तर आधी शेजाऱ्यांकडे जायचं, नीट गुंडाळलेला टॉवेल द्यायचा, वाकायचं, आणि त्रास होईल त्याबद्दल आगाऊ माफी मागायची. मी गेले. कागदावर नाव घातलेला टॉवेल दिला आणि सांगितलं की दोन-तीन महिने आमच्याकडून बाईच्या ओरडण्याचा आवाज येईल, तो सिनेमाचा आहे, कृपया मनावर घेऊ नका. त्या कितीदा तरी वाकल्या आणि म्हणाल्या की मनापासून काम करा. मला इतकं बरं वाटलं! आपण इथल्या रीतीभाती कशा उचलल्या, म्हणून स्वतःचंच कौतुक.

सोळा मार्चचा रविवार. दुपारी आमच्या इमारतीतले ओदा-सान, विवेकच्याच ऑफिसातले, आमची कचऱ्याची पिशवी दोन्ही हातांत धरून दारात आले. जळाऊ कचऱ्यात माझ्याकडून एक स्प्रेचा डबा गेला होता, म्हणून पिशवी न उचलता वर लाल चिठ्ठी लावून ठेवलेली. ओदा-सान हसतमुखानं म्हणाले की आपल्या इथली पद्धत जरा कटकटीची आहे, माफ करा. विवेकही हसला, वाकला, दार लावलं. मग वळला. मी काय ते ओळखलं आणि बाल्कनीत पळाले, तिथेच चूक झाली. सरकतं दार त्याच्याच हातात. आणि मंजू, त्या दिवशी मी ओरडले. चार वर्षांत पहिल्यांदा. इतके दिवस उशी तोंडात धरायचे, पदर धरायचे, शेजारी काय म्हणतील. त्या दिवशी हाडाचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आणि सगळी लाज सोडून, गुरासारखी ओरडले. मराठीत, जपानीत, वाचवा म्हणून ओरडले. बाल्कनीखाली कुवाबारा-सानची खिडकी उघडी होती. ती हळूच बंद झाल्याचं मी ऐकलं.

त्या वाईट नाहीत गं. त्यांना वाटलं, बिचारी रविवारीही काम करतेय. मी स्वतः टॉवेल देऊन त्यांना तसं सांगून आले होते ना! मंगळवारी कचऱ्याच्या जागेपाशी त्यांनी माझं प्लास्टर बघितलं आणि विचारलं, कधी झालं. मी म्हटलं, रविवारी दुपारी. मी सायकलचं सांगणारच होते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि ते खोटं गिळलं. त्या कमरेत एवढ्या वाकल्या की मला त्यांच्या डोक्याची मागची बाजू दिसली, आणि तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी विवेक कामावर गेल्यावर त्या वर आल्या. तो टॉवेल त्यांनी वापरला नव्हता, कागदसुद्धा तसाच. दोन्ही हातांनी मला परत दिला आणि म्हणाल्या की हा मी ठेवून घेऊ शकत नाही. यापुढे तुमच्या घरातून आवाज आला तर तो सिनेमाचा आहे असं मी समजणार नाही. मी दारातच बसून रडले. त्या माझ्याशेजारी जिन्यात बसून राहिल्या.

आता उदयचं. गेल्या नोव्हेंबरात तो पंधरा दिवस आमच्याकडे राहून गेला, तेव्हा मी तुला लिहिलं होतं, किती मनमिळाऊ, किती हसरा. हसरा आहेच. एका संध्याकाळी विवेकनं मला स्वयंपाकघरात पट्ट्यानं मारलं. कारण आठवत नाही, भात चिकट झाला होता बहुतेक. उदय बाहेर टीव्ही बघत होता, मधे फक्त कागदाचं सरकतं दार. मला वाटलं, आता उठेल. निदान दादा म्हणून हाक मारेल. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. सुमोच्या कुस्त्या लागल्या होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. मग मी तोंड धुऊन ताटं वाढली, आणि वहिनी, आमटी फर्स्ट क्लास म्हणत त्यानं दोनदा भात घेतला. माझ्याकडे बघून हसला, रोजच्यासारखा. त्यानं कधी कुणावर हात उचललाय का, मला ठाऊक नाही. तुझ्यावर उचलेल की नाही तेही सांगता यायचं नाही. पण दाराआड काय चाललंय ते समजून ज्याला भूक लागते, त्याच्या घरात तू पाऊल ठेवू नयेस.

सिनेमा मी एका हातानं पुरा केला, एजन्सीनं दोन आठवडे वाढवून दिले. नामिनोचा दुसरा प्रियकर एक सामुराई. तुझं प्रेम खरं असेल तर करंगळी दे म्हणतो. तिथे तशी चालच होती. ती लाकडी उशीवर बोट ठेवते, वर वस्तरा, आणि मोलकरणीला सांगते की वरून लोखंडी किटली हाण. बोट उडून कुठे जातं तेच सापडेना, दोघी रक्तात हात घालून शोधून काढतात. तो ते बोट मित्रांना दाखवत दारू पितो हे तिला कळतं, तेव्हा पुढच्या भेटीत ती केसांतला आकडा काढून त्याचा हात जमिनीला खिळते. मला भयंकर आनंद झाला, लपवत नाही. पण या सगळ्यात मी अडले ते वेगळ्याच ठिकाणी. एक दिवस कोठ्यावर नवीन मुलगी आणतात आणि ती निघते नामिनोची धाकटी बहीण. रडत नाही, हसत येते. नामिनो विचारते, तुला कुणी फसवलं. बहीण म्हणते, कुणीच नाही, ताई, तूच लिहायचीस ना, तीन वेळा पांढरा भात आणि अंगावर रेशीम. ती पत्रं मालकानं मानेवर हात ठेवून लिहून घेतलेली असतात. नामिनो दिवा उचलते आणि पडद्याला लावते. सगळा कोठा पेटतो, आणि ती बहिणीला पाठीवर घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडते. तेवढी एक ओळ, तूच लिहायचीस ना, मला दोन दिवस इंग्रजीत लिहिता येईना. तीन शब्द होते गं.

तर मी शुक्रवारी जातेय. तोक्योला, ओजिमाला स्वरूपाकडे. माझ्या जपानीच्या वर्गातली, तिला सगळं सांगून झालंय. कुवाबारा-सान स्टेशनपर्यंत येणार आहेत, पासपोर्ट आणि एक बॅग त्यांच्याकडे आधीच नेऊन ठेवलीय. मी गेल्याचं कळलं की सासूबाई, उदय, सगळे तुमच्याकडे येतील, माझं डोकं फिरलंय म्हणतील. आई रडेल. बाबा म्हणतील, मोठीनं तोंडाला काळं फासलं, आता धाकटीचं तरी सुखरूप पार पाडू. तू ऐकू नकोस.

आता जे सांगायला तीन दिवस चाचरतेय ते. हे स्थळ सासूबाईंनी आणलं असं तुम्ही सगळे समजता. त्यांनी नाही, मी आणलं. उदय परत गेल्यावर आठवड्याच्या आत मीच त्यांना पत्र लिहिलं, की आमची मंजू शोभेल उदयला, बघा. टीव्हीचा आवाज वाढलेला मी ऐकला होता. पाठीवरचे वळ अजून निळे होते आणि मी तुझे गुण लिहीत होते, तू कशी समजूतदार आहेस, कशी शांत. कारण येत्या डिसेंबरात विवेकच्या नोकरीची इथली मुदत संपतेय, सासरच्या निगडीच्या बंगल्यात आम्ही सगळे एकत्र राहणार, आणि मला त्या घरात माझं कुणीतरी हवं होतं. तू समोर असलीस तर विवेक हात उगारायला लाजेल असं वाटलं. आणि नाहीच लाजला, तर निदान बंद दाराबाहेर माझं माणूस असेल. तुझं काय होईल हा विचार मला शिवला नाही असं लिहिलं तर तेही खोटंच. शिवला होता. बाजूला सारला. नामिनोच्या मानेवर कुणाचा तरी हात होता, माझ्या मानेवर कुणाचा नव्हता. मंजू, मार चुकवायला मी तुला पुढे केलं. माझ्याशी बोलायचं की नाही ते पुढे कधीतरी ठरव, घाई नाही. आज फक्त बँकेतून घरी जा आणि नाही म्हणून सांग.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क घालवून बसलेली, तरी तुझीच,
नयनाताई